नारळ फुटलेली गाडी

गाडी घ्यायची होती ती आईसाठी. ती राहते रोहिणखेडला, घाटाच्या खाली, आणि तिचं डायलिसिस होतं वर बुलढाण्यात, आठवड्यातून दोनदा. एसटीच्या गर्दीत राजूर घाट चढताना तिला उलट्या व्हायच्या आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ती अर्धी झालेली असायची. मी बुलढाण्यात शाळेत शिकवते. पन्नाशीला टेकल्यावर हट्टानं गाडी चालवायला शिकले. नवी परवडणारी नव्हती, म्हणून आईला घेऊन जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये गेले.

मालक गोडबोल्या होता. घाट हाकेच्या अंतरावर असताना ट्रायलला त्यानं आम्हाला चिखलीच्या सरळ रस्त्यानं नेलं, आणि मीही वेड्यासारखी एसीची हवा खात बसले. परत आलो तर पूजेचं ताट तयार. आईनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला. आमच्याकडे एवढं झालं की गाडी घरची झाली. कागदावरच्या सह्या नंतरच्या.

पहिल्याच खेपेला आईला घेऊन घाट चढू लागले, तर अर्ध्यात इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटमधून वाफा निघाल्या. ट्रकवाले हॉर्न देत बाजूनं जात होते. आई कठड्यावर बसून राहिली. त्या दिवशी तिचं डायलिसिस चुकलं. संध्याकाळी तिच्या पायांवरची सूज बघताना मला जो संताप आला, तो अजून गेलेला नाही.

शोरूमच्या मिस्त्रीनं काहीतरी खाटखूट केली, तरी गाडी पुन्हा घाटातच तापली. मी मालकाला म्हटलं, गाडी वापस घ्या.

"ताई, नारळ फुटला न आता," तो हसत म्हणाला. "पूजेची गाडी कोणी वापस करते काय?"

"काऊन नाही करत? उकळती गाडी ठेवून घे म्हणून देवानं सांगतलं काय?"

घरीही तेच. नवरा म्हणाला, जाऊ दे, दुरुस्त करून घेऊ. आई तर घाबरलीच. "पुजलेली वस्तू वापस करत नसते बाई. माह्या हातची पूजा आहे ते. माह्याच जिवावर बेतन."

मग मी ठरवलं. शाळा सुटली की वाळलेल्या हारासकट गाडी त्याच्या फाटकासमोर लावायची, बॉनेट उघडायचं आणि शोरूममध्ये खुर्चीवर बसून उत्तरपत्रिका तपासायच्या. गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "घाट चढवून पाह्यली काय?" एवढंच. मालकानं आधी चहा पाजला, मग चहा बंद केला, मग पंखाही बंद केला. मी पदरानं वारा घेतला, पण हटले नाही.

एक दिवस डायलिसिस आटोपून आई ऑटोनं तिथंच आली. हाताला पट्टी, चेहरा उतरलेला. मला समजावून घरी न्यायला आली होती. तेवढ्यात एका जोडप्यापुढे पूजेचं ताट आलं आणि मालकानं टेबलाखालून नारळ काढला. आईनं वाकून पाहिलं. खाली नारळांचं अख्खं पोतं होतं.

"देवाले नोकरीवर ठेवलं काय बे तू?"

आजारपणात आईचा आवाज एवढा चढलेला मी ऐकलाच नव्हता. जोडपं ताटापासून बाजूला सरकलं. आईनं त्याच ताटातल्या अक्षता उचलल्या, बाहेर जाऊन उघडं बॉनेट खाली केलं, आमच्या गाडीवर अक्षता वाहिल्या, ओल्या बोटानं स्वस्तिक पुसलं आणि हार काढून माझ्या हातात दिला.

"गणपतीले पुजून आपण पाठवतोच न? हे झाली उत्तरपूजा," ती म्हणाली आणि मला दटावलं, "पुढच्या वर्षी लवकर या, तेवढं म्हणू नको."

जोडप्यातली बाई खुदकन हसली आणि मालकाचं उरलंसुरलं अवसान गळालं. त्यानं गाडी ठेवून घेतली, बदल्यात दुसरीची किल्ली पुढे केली. सवयीनं नारळही.

आईनं नारळ पिशवीत टाकला. "पयले घाट," ती म्हणाली, "मंग नारळ."

तिला बाजूला बसवून मी घाट उतरले आणि तसाच चढले. काटा जागचा हलला नाही. माथ्यावर गाडी थांबवली तेव्हा मला रडू फुटलं होतं. डोळे पुसून मी पिशवीतला नारळ काढला.

आईची नजर अजून काट्यावरच होती.

"ठेव तो," ती म्हणाली. "अजून एक खेप चढव."