ओरोमोंची काठी आमच्या गल्लीत

अन् वर सत्कार समितीवाले मलाच सांगतात, ‘मावशी, पाहुण्यांची पाच भाषणं हायेत, बाईंना वेळ कुठला?’ पंच्याहत्तरी सुशीलाबाईंची अन् बोलणार पाहुणे! बाईंनी शाल घ्यायची, हसायचं, गप बसायचं. गौरव अंकातला हा लेख आधी समितीच वाचणार, म्हणून इथंच लिहिते.

सुशीलाबाईंची माझी ओळख धुरातली. जिंतूरला आमच्या गल्लीत त्या नव्यानं राहायला आल्या. मेथीची पाटी घेऊन दारात गेले तर आत धूर. मी ओरडले, ‘काय जाळायलाव बाई?’ म्हणाल्या, ‘कॉफीच्या बिया भाजते आहे. या, बसा.’ त्याआधी मला पाटीसकट कुणी घरात बसवलं नव्हतं.

बाईंनी पूर्वी इथिओपियात ओरोमो लोकांमध्ये राहून शेतीचं शिक्षण दिलं. त्यांची भाषा बाई घरच्यासारखी बोलतात. मी थक्क झाले ते तिथल्या काठीनं. ओरोमो आई लेकीला लग्नात काठी देते. सासरी छळ झाला की लेक ती घेऊन बाहेर येते, हाळी देते. ऐकतील त्या साऱ्या बाया आपापली काठी घेऊन निघतात. न्याय होईपर्यंत कुणी घरी परतत नाही. त्या काठीचा मान बाप्येसुद्धा राखतात.

बाई आल्या त्याच उन्हाळ्यात शेजारच्या शोभाला नवऱ्यानं पट्ट्यानं मारलं. आमच्याकडं तसल्या काठ्या कुठल्या? तुरीच्या वाळक्या तुराट्या घेतल्या. बाई म्हणाल्या, ‘मारायची नाही, नुसती उभी धरायची.’ गल्लीतल्या आम्ही सगळ्या बाया शोभाच्या दारात बसलो. चुली थंड. बाईंचे गुडघे सुजलेले. मी म्हटलं, ‘तुमी तरी जेवून या.’ ‘मग माझी काठी कोण धरणार?’ म्हणाल्या, अन् हलल्या नाहीत.

दिवस कलला तसे आमचेच बाप्ये शोभाच्या नवऱ्याला बोलायला तुटून पडले. माझे मालक म्हणाले, ‘आरं, हात जोड की लवकर! तुझ्यापायी आमी उपाशी मरायलोत!’ त्यानं सगळ्यांदेखत शोभाची माफी मागितली. पुन्हा हात उचलला नाही. समुद्रापलीकडच्या बायांची रीत आमच्या शोभाला तारून गेली, याचं नवल मला अजून सरत नाही.

बाईंना शंभरी लाभो, गुडघे धड राहोत, कॉफीचा धूर गल्लीत दरवळत राहो. ओरोमोंत थोरांनी आशीर्वाद द्यायचा अन् बाकीच्यांनी ‘तसंच होवो’ म्हणायचं असतं. आम्हाला तो बाईंच्या तोंडून ऐकायचाय. समितीवाल्यांनो, माईक त्यांच्या हातात देणार का नाही? गुरुवारपर्यंत सांगा.