दादाच्या पाठीवर काढायचं राहून गेलं

आम्ही बडोदे सोडलं त्या सकाळी आई स्टेशनावर आली नाही. ती आमच्या पोळीच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडापर्यंत आली. तिथं शेजारच्या मणिबेननी तिचा हात धरला आणि दोघी आम्हांला पाहत उभ्या राहिल्या. मणिबेन 'आवजो, आवजो' म्हणत होत्या. गुजरातीत निरोप देताना 'पुन्हा या' असंच म्हणतात, म्हणून त्या शब्दाकडे आम्ही कधी लक्ष दिलं नव्हतं. आईचं मात्र त्या दिवशी लक्ष गेलं असावं, कारण तिनं दादाला हाक मारून मागे बोलावलं. माझ्याकडे बोट दाखवून ती एवढंच म्हणाली, "ह्याला नेतोयस, तर ह्याला घेऊन ये." दादाबद्दल ती काही बोलली नाही. तो परत येणारच, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

आमचे वडील सरकारच्या फौजेत शिलेदार होते. ते लवकर गेले. आईनं आम्हां दोघांना वाढवलं ते दरबारच्या तुटपुंज्या नेमणुकीवर आणि स्वतःच्या शिवणावर. त्या काळी बडोद्यात जिकडेतिकडे शाळा निघत होत्या, आमच्या वयाची मराठ्यांची मुलं शिकून कचेऱ्यांत चिकटत होती. आईलाही आम्ही तसंच करावंसं वाटे. पण दादाचा जीव मांडवीजवळच्या आखाड्यातल्या मल्लखांबात अडकला होता आणि माझा दादात. तो मल्लखांबावर चढला की मी खाली उभा राहून त्याच्या पायांकडे बघत असे, आणि तो उतरला की तेच करून पाहत असे.

एका हिवाळ्यात विश्वामित्रीकाठच्या मैदानात एक मराठी सर्कस उतरली. तिच्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. दादा मला घेऊन त्यांच्याकडे गेला. त्यांनी झुल्यावर चढायला सांगितलं. दादा गुडघ्यांनी उलटा लटकला आणि मी समोरच्या झुल्यावरून हात सोडून त्याच्याकडे गेलो. असं आम्ही कधीही केलेलं नव्हतं, तरी त्यानं मला अलगद धरलं. मास्तरांनी दोघांनाही ठेवून घेतलं. आईला ते सांगायला दादाला फार जड गेलं. संध्याकाळी ती आमच्या प्रवासासाठी दशम्या करायला बसली.

मुंबईहून आम्ही बोटीनं निघालो. रंगून, पिनांग, सिंगापूर, सैगाव, प्रत्येक बंदरात तंबू उभा राहायचा आणि उतरायचा. परक्या मुलखात आम्हांला आधार वाटे तो घरच्या गुजरातीचा. कुठल्याही बंदरात सुरतेचा एखादा कापडवाला बोहरी भेटेच, आणि दादानं 'केम छो, शेठ' म्हटलं की तो हातातलं काम टाकून आमच्याशी बोलत बसे. घरी आई आमच्या बोलण्यातले गुजराती शब्द वेचून वेचून दुरुस्त करायची. तेच शब्द पुढं माझी भाकरी होतील हे तिला कुठून ठाऊक असणार?

सैगावहून मोठ्या नदीनं वर जाऊन आम्ही पनॉम पेनला पोचलो. तिथं फ्रेंचांचा अंमल होता, राजा नावाला. दुसऱ्याच आठवड्यात झुल्याची दोरी सरकली आणि मी जाळ्याच्या कडेवर आपटून बाहेर पडलो. खांद्याचं हाड मोडलं. कुणाची चूक नव्हती, दोरी पावसानं ओली झाली होती. मास्तरांनी माझी सोय नदीकाठी राहणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे केली. तो हाडं बसवण्यात नावाजलेला होता. लोक त्याला 'क्रू' म्हणत. आपला 'गुरू' त्यांच्या तोंडी तसा झाला आहे.

क्रूचं घर उंच खांबांवर होतं. घरात तो, त्याची बायको आणि वयात आलेली मुलगी चान. तो तरुणपणी भिक्षू होता, नंतर राजाच्या फौजेत शिपाई. त्याची पाठ आणि छाती गोंदलेल्या अक्षरांनी भरलेली होती. चौकटी, वर्तुळं, एक वाघ, आणि सगळीकडे जुन्या लिपीतले पाली मंत्र. अशा मंतरलेल्या आकृतीला तेही आपल्यासारखं यंत्रच म्हणतात, फक्त उच्चार वेगळा. तिथल्या लोकांची अशी श्रद्धा की ज्याच्या अंगावर गुरूनं मंत्र म्हणत यंत्र काढलं, त्याला सुरी लागत नाही, गोळी चुकते, वाईट वारं शिवत नाही. क्रूकडे दर महिन्याला शिपाई, नावाडी, जंगलात जाणारे लाकूडतोडे येत. फुलं, मेणबत्त्या आणि विड्याची पानं पुढं ठेवून पाठ उघडी करून बसत.

दादा खेळ संपला की रोज माझ्याजवळ येऊन बसे आणि हे सगळं पाहत असे. महिना होत आला, सर्कस सयामकडे निघायची वेळ झाली. माझा हात अजून वर होत नव्हता. मी इथंच राहायचं, आणि परतीच्या वाटेवर दादानं येऊन मला घेऊन जायचं, असं ठरलं. दादाला मला मागे ठेवणं पटत नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी तो एका दुभाष्याला सोबत आणून क्रूपुढं फुलं घेऊन बसला आणि माझ्याकडे हात करून म्हणाला की ह्याच्या पाठीवर काढा.

क्रू लांब पितळी काडीच्या टोकाला सुई लावून गोंदायचा. शाई काजळीची. सुई पाठीत भरभर चालत होती आणि तो पुटपुटत होता. मधूनच 'बुद्धं', 'नमो' असे ओळखीचे शब्द कानावर येत. मी दादाचा हात घट्ट धरला होता. शेवटी क्रूनं पाठीवर फुंकर मारली आणि पथ्यं सांगितली. खोटं बोलायचं नाही, परस्त्रीकडे बघायचं नाही, आईबापांना दुखवायचं नाही, बायकांचे कपडे वाळत घातलेल्या दोरीखालून जायचं नाही. ह्यातलं काही मोडलं तर यंत्राचा जोर उतरतो. मग तो दादाकडे वळून म्हणाला, "तूही बस. तुला जास्त गरज आहे. तू प्रवासाला निघालास."

दादानं विचारलं की पाठ किती दिवस दुखेल. क्रू म्हणाला, सूज उतरेपर्यंत हात ताणायचे नाहीत. दादा हसला. दुसऱ्या दिवशी बोट, आणि बोटीतून उतरल्यावर लगेच खेळ होता. त्याला झुल्याला लटकून माझ्या जागी घेतलेल्या नव्या पोराला झेलायचं होतं. "येताना काढून घेईन," तो मला म्हणाला. "तोवर तुझं यंत्र दोघांना पुरेल."

धक्क्यावर मी त्याला सोडायला गेलो. तो बोटीच्या कठड्याला टेकून उभा होता आणि माझ्या खांद्याकडे बोट करून, तो सांभाळ, असं खुणेनं सांगत होता.

पाऊस संपून नदी ओसरू लागली तेव्हा सर्कशीचा स्वयंपाक करणारा भटारी एकटाच बोटीनं वर आला. त्याच्या हातात दादाची ट्रंक होती. बँकॉकला पटकीची साथ आली होती, तीत दादा दोन दिवसांत गेला. झुल्यावरून तो एकदाही पडला नाही, असं भटारी पुन्हा पुन्हा सांगत राहिला, जणू त्यानं माझं समाधान होणार होतं. बडोद्याला मास्तरांनी कळवलं होतं. मी ट्रंक उघडली नाही. क्रूच्या बायकोनं ती उचलून घरात नेली.

मी तेव्हाच परत जायला हवं होतं. भटारी मला घ्यायलाच आला होता. पण पोळीच्या तोंडाशी आई उभी असेल आणि तिला आम्हा दोघांतला एकच दिसेल, हे डोळ्यांपुढं आलं की पाय हलत नसे. पुढच्या बोटीनं जाऊ, असं म्हणत राहिलो. तोवर एका सुरती शेठच्या कापडाच्या दुकानात गुजराती लिहिता-बोलता येणारा माणूस हवा होता, तिथं मी लागलो. मग भाषा आली. मग चानशी लग्न झालं. हे वाचणाऱ्यांतलेही कुणी रंगूनला, कुणी मोंबासाला गेले असतील, त्यांना हे ओळखीचं असेल. राहायचं असं आपण कधीच ठरवत नाही, फक्त जाणं लांबत जातं.

यंत्राची पथ्यं मात्र मी पाळत होतो. खरं काय नि खोटं काय, मी आजही सांगू शकत नाही. पटकी पनॉम पेनलाही येऊन गेली, शेजारची दोन घरं रिकामी झाली, मला काही झालं नाही. ज्यांना पटकी झाली त्यांतल्या एकाच्या पाठीवर माझ्यापेक्षा मोठं यंत्र होतं. लोक म्हणाले, त्यानं पथ्य मोडलं असेल. मी क्रूला विचारलं की मी आईला इतकी वर्षं तोंड दाखवलं नाही, मग माझ्या यंत्रात काही उरलं असेल का. त्यानं सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाला, "तिला भेटून ये. मग मला हे विचारायची गरज पडणार नाही."

मी गेलो. बडोदे खूप बदललं होतं. नवे रस्ते, दिवे, मोठमोठ्या इमारती, अकोट्याच्या बाजूलाही वस्ती सरकू लागलेली. आमची पोळ मात्र तशीच होती. आई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागं पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग उठून पाणी आणलं. 

काही दिवसांनी मी आंघोळीला बसलो असताना ती तेल घेऊन आली आणि माझी पाठ तिला दिसली. तिच्या स्वतःच्या हातांवर लहानपणी गोंदलेली तुळस होती, त्यामुळे तिला नवल वाटलं नाही. हे कशासाठी, एवढंच तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. क्रू, मंत्र, पथ्यं, आणि फुलं घेऊन बसलेला दादा. ती अक्षरांवरून बोट फिरवत ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आणि त्याच्या पाठीवर का नाही रे काढलं?"

मी सांगितलं की सूज आली असती, आणि त्याला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. तिचं बोट थांबलं. "एक दिवस थांबायचं होतं," ती म्हणाली. ती हे मला म्हणत नव्हती. कुणाला म्हणत होती ते मला कळलं नाही. तिनं तेल लावून दिलं आणि आत गेली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आलो तर कपड्यांची दोरी जागेवर नव्हती. ती वर्षानुवर्षं दारापासून विहिरीपर्यंत असायची. येताजाता तिच्याखालून वाकून जावं लागे. आईनं ती सोडून मागच्या भिंतीशी बांधली होती. तिथं ऊन येत नसे. मी होतो तितके दिवस तिची लुगडी दमट राहिली. मणिबेननी चेष्टा केली की सावलीत कपडे वाळवायची ही कुठली तऱ्हा, तर आई नुसतं 'बस, एम ज', म्हणजे 'असंच', म्हणाली आणि पिळे घेऊन मागं गेली.

आणि तरीही मी परत निघालो. चान आणि आमच्या मुली इथं पनॉम पेनला होत्या, दुकान होतं. आईला सोबत चल म्हटलं, तिनं मान हलवली. ती या वेळीही पोळीच्या तोंडापर्यंतच आली. ह्या खेपेला तिनं मला काही सांगितलं नाही, आणि तेच मला इतकी वर्षं पुरून उरलं आहे. तीन-चार पावसाळ्यांनंतर ती गेल्याचं कळलं. मी तेव्हा दुकानात मलमलीचा तागा उलगडत होतो. गिऱ्हाईक समोर होतं. मी तागा पुरता उलगडला, मग पुन्हा गुंडाळला.

आता माझं वय झालं. बडोद्याहून येणारे लोक विचारतात, घरी कधी येणार? मी काय सांगू? पोळीतलं ते घर दुसऱ्यांचं झालं. आखाड्यातले दादाचे सोबती गेले किंवा पांगले. मी तिथं कुणाच्या ओट्यावर बसून 'आमचा दादा' म्हणालो, तर ऐकणारा विचारील, कोण दादा? त्याला पहिल्यापासून सांगायला बसावं लागेल. ज्या गावात हे सांगावं लागतं, त्या गावाला मी घर कसं म्हणू?

इथं तसं नाही. इथं चान आहे. तिनं दादाला जेमतेम महिनाभर पाहिलं, पण पाहिलं. इथल्या भाषेत भाताला 'बाय' म्हणतात. दादाला ते माहीत नव्हतं, आणि तो चानच्या आईला आपल्या रीतीनं अदबीनं 'बाई' म्हणायचा. त्यानं 'बाई' म्हटलं की ती माउली उठून त्याच्या पानात भात वाढायची. तो संकोचानं 'नको, बाई' म्हणायचा, की ती आणखी वाढायची. बरेच दिवस दोघांनाही कळलं नाही. दादा मुकाट्यानं सगळं संपवायचा आणि मग मला म्हणायचा की ह्या लोकांचा पाहुणचार झेपत नाही रे.

अजूनही कधी जेवताना चान हातात डाव घेऊन माझ्यासमोर थांबते आणि दादाचा आवाज काढून म्हणते, "नको, बाई." तिला मराठी येतं ते एवढंच. आम्ही दोघं हसतो. मग ती भात वाढते, आणि मी दादासारखा सगळा संपवतो.