गच्चीवरचा हॉर्न

आमच्या शेजारच्या मानसशास्त्राच्या सरांइतका माणसांवर जीव टाकणारा आणि माणसांचा तितकाच जीव खाणारा दुसरा गृहस्थ अख्ख्या संभाजीनगरात सापडायचा नाही. शहर बायपास ओलांडून शेतांत शिरलं होतं, नळ मात्र बायपासच्या अलीकडेच थांबला होता, आणि जायकवाडी आटल्याच्या त्या वर्षांत आमची गल्ली टँकरवर जगत होती. सर इंटरनेटवर जगत होते. "अहो, जगातली मोठमोठी विद्यापीठं फुकट शिकवायलीत आणि तुम्ही मालिका पाहायलात!" असं ते मला भर रस्त्यात सुनावत. गल्लीच्या ग्रुपवर लोक सुप्रभात पाठवत, तेव्हा सर गरगरणाऱ्या चक्राचं चित्र पाठवत आणि ते मुळात फिरतच नाही म्हणून सांगत. कुठल्याशा संकेतस्थळावरची स्वभावचाचणी त्यांनी भाजीवाल्यालाही सोडवायला लावली. माझी बायको तीत अंतर्मुख निघाली. "मिक्सर चालू असताना प्रश्न विचारले तर माणूस गप्पच बसणार," ती म्हणाली. सरांनी तेही उत्तर म्हणून भरून टाकलं.

या उद्योगामागे एक धास्ती होती. कॉलेजात त्यांच्या विषयाला मुलं येईनात, आणि यंदाही आली नाहीत तर विषय बंद, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हा प्रयोग सर परदेशी व्हिडिओ लावून शिकवत आणि असलेली मुलंही पेंगत. "आपल्या पोरांना आपलं उदाहरण पाहिजे," म्हणत सरांनी टँकरचा हॉर्न मोबाइलवर टिपला आणि एका सकाळी गच्चीवरच्या स्पीकरवरून वाजवला. अख्खी गल्ली बादल्या-घागरी घेऊन रस्त्यावर! तोंडाला दाढीचा साबण फासलेला मी सर्वांत पुढे. टँकरचा पत्ता नाही. वर सर, हातात कॅमेरा.

"म्हणजे कुत्र्याच्या जागी आम्ही व्हय, सर?" बायकोने खालून विचारलं.

"वहिनी, लई छान धावलात!"

बायकोने त्यांच्याशी बोलणं टाकलं. व्हिडिओ मात्र इंटरनेटवरून पैठण-कन्नडपर्यंत पोचला, मुलं चौकशी करत आली आणि विषय वाचला. पण त्या खोट्या हॉर्नच्याच आठवड्यात खरा टँकर आला, हॉर्न वाजवून दमला, पण एक दार उघडलं नाही. "सरांचंच असंल," म्हणत आम्ही निवांत चहा पीत बसलो. "साब, कोई आताच नहीं, मैं जारूं," असं गच्चीवरच्या सरांना ओरडून सांगून ड्रायव्हर निघाला. सरांनी टँकरपुढे आपली स्कूटर आडवी घातली आणि अनवाणी दारोदार पळत सुटले. "खरा आहे हो, आईशप्पथ खरा आहे!" गल्लीनं पाणी भरून घेतलं, सरांची पाळी आली तेव्हा टँकर रिकामा झाला होता. बायकोने आपली भरलेली घागर उचलून त्यांच्या दारात नेऊन ठेवली.

पुढे सर निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले. गल्लीत आता नळ आलाय. टँकर यायचा थांबला की सवयही हळूहळू मोडते, असं सर सांगायचे. माझी मोडली नाही. सरांची फार आठवण येते. अजूनही कुठे हॉर्न वाजला की मी बाहेर येतो, आणि रस्त्याकडे न बघता गच्चीकडे बघतो.