माझा बायोडाटा पुसताना

पांडेसऱ्याच्या मिलच्या रस्त्यावर एक झेरॉक्स-टायपिंगचं दुकान होतं. लग्नाआधी मी तिथे कामाला होते. मालक गुजराती, त्यांना मी काका म्हणायची. ते पुढे काउंटरवर बसत आणि एक कॉम्प्युटर त्यांच्यापाशी असे. दुसरा माझा, आत, प्लायवूडच्या पार्टिशनमागे. तिथे पंख्याचा वारा पोचत नसे आणि बाहेर पडायचं तर काउंटरच्या फळीखालूनच वाकून जावं लागे.

आसपासची निम्मी वस्ती धुळे-जळगाव-नंदुरबारकडून मिलमध्ये कामाला आलेली. मराठी टायपिंग येणारी मी एकटीच, त्यामुळे लग्नाचे बायोडाटे माझ्याकडे यायचे. कुणाला वर गणपती हवा असे, कुणाला बुद्धाची प्रतिमा. खाली मात्र सगळ्या मुली सारख्याच निघत: गोऱ्या, सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष. मी टाइप करायची आणि विसरून जायची.

मग माझी पाळी आली. एका रविवारी मामा दुकानात आले, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि माझाच बायोडाटा मला सांगू लागले. मामा जवळच बमरोलीला राहत. आमच्या घरातल्या सोयरिकी तेच जुळवत. बाकी सगळ्यांशी ते अहिराणी बोलत, पण माझ्याशी नाही. शिकलेल्या मुलीशी शुद्धच बोलावं असं त्यांचं मत.

"वर्ण गोरा," मामा म्हणाले.

"मामा, मी कुठे गोरी?"

"फोटोत दिसतेस ना? लिही. पुढे, नोकरी नाही."

"अहो, मी नोकरीवर बसूनच हे टाइप करतेय."

मामा हसले. "ही काय नोकरी? गावाकडच्या लोकांना बाहेर काम करणारी मुलगी चालत नाही. नंतर काय करायचं ते कर."

माझं कॉलेज बाहेरून चाललं होतं, शेवटचं वर्ष राहिलं होतं. तेही मामांनी 'शिक्षण पूर्ण' करून टाकलं. मी सगळं टाइप केलं. बोटांना सवय होती. सेव्ह करताना मात्र वाटलं, आपणच आपल्याला कुणाच्या तरी पिशवीत भरून दिलं.

काही दिवसांनी सकाळी डबा भरताना आईचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं. मामा आज-उद्या दुकानातून बायोडाट्याच्या प्रती काढून घेणार होते. समाजाचा वधू-वर मेळावा जवळ आला होता. मी आईला काही विचारलं नाही. विचारून काय होतं ते मला माहीत होतं. ती म्हणाली असती, "एकदा दाखवून तर होऊ दे, लगेच का कोणी उचलून नेतंय?"

दुकानात दुपारपर्यंत गिऱ्हाइकं हटली नाहीत. हात मोकळे होताच ती फाईल शोधली. पुसून टाकायची, मामा आले की म्हणायचं, कॉम्प्युटर बिघडला होता, गेली. मेळावा टळला असता. त्यापुढचा विचार मी केला नव्हता.

फाईल निवडली, डिलीट दाबलं. समोर पाटी आली: ही फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे, बंद करून पुन्हा प्रयत्न करा.

पण माझ्याकडे काहीच उघडं नव्हतं. तरी टायपिंगचा प्रोग्राम उघडून नीट बंद केला. पुन्हा तीच पाटी. वाटलं, पडद्यामागे काहीतरी चालू राहिलं असेल. चालू कामांची यादी उघडून जे जे ओळखीचं होतं ते बंद केलं. पुन्हा तीच पाटी. नाव बदलून बघितलं, बदलू देईना. दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायला गेले, हलेना. शेवटी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तो जुना, घोरत घोरत उठायचा. पाठीवरून घामाची धार उतरत होती आणि बाहेर मिलच्या बॉयलरचा धूर खाली बसला होता. स्क्रीन आली. फाईल जागेवरच.

मला रडू यायला लागलं, आणि रडण्याचा रागही. रोज लोकांच्या फाईली मी पुसत होते. आपलीच तेवढी पुसता येऊ नये?

मग आठवलं, अशी कटकट पूर्वी एकदा झाली होती तेव्हा लपवलेल्या फाईली दाखवायची खूण मी शिकले होते. ती लावली. माझ्या बायोडाट्याच्या शेजारी एक छोटीशी, फिक्या रंगाची फाईल उगवली. तिचं नाव माझ्या फाईलचंच, फक्त पुढे एक वेडीवाकडी खूण. ही अशी फाईल दिसली की समजायचं, मूळ फाईल कुणीतरी उघडून बसलंय. आणि ते फोल्डर दोन्ही कॉम्प्युटरवर दिसायचं.

म्हणजे ती काउंटरवर उघडी होती. मामा आले असणार.

पार्टिशनच्या फटीला डोळा लावला. मामा नव्हते. आबा उभे होते, माझे वडील. डाईंग मिलमध्ये ते कापड रंगवायच्या मशीनवर होते. या वेळेला मिलमध्येच असायला हवे होते. अंगावर मिलचेच कपडे, हाताला कोपरापर्यंत निळा रंग. रंग लागू नये म्हणून हात काउंटरपासून लांब धरलेले.

"बोलो ने भाई, शुं लखवानुं?" काय लिहायचं, काका विचारत होते.

"शेठ, ये नौकरी नहीं लिखा है, वो गलत है," आबा म्हणाले. "लड़की नौकरी करती है. आपके पास ही तो करती है."

काका हसत सुटले. "ए तो साचुं!"

"और गोरा निकालो. सांवला लिखो. पढाई चालू है, वो भी लिखो."

मी फटीपासून मागे सरले. आबांनी माझ्यावर जबरदस्ती केली असती तर मला भांडता आलं असतं. मामांशी मी मनातल्या मनात भांडून ठेवलंच होतं. पण हा माणूस जेवणाच्या सुट्टीत, न जेवता, माझ्याबद्दल खरं लिहायला आला होता. आणि खरं लिहून मला दाखवायलाच नेणार होता. आता कुणाशी भांडू? बाहेर जायची वाट तीच, त्यांच्या समोरून.

शेवटी फळीखालून वाकून मी बाहेर आले. आबा दचकले. मी आत आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"तू आठेच शे का?" मग थोडं ओशाळून म्हणाले, "मामानी खोटं लिखेल व्हतं. तू काम करस, मंग नही काब्र लिखानं?"

"आबा, दुरुस्त नका करू. पूर्ण पुसून टाका."

काका उगाच झेरॉक्स मशीनकडे वळले.

"तुले लगीन नको का?" आबांनी हळू विचारलं.

"आत्ते नको. परीक्षा होऊ द्या."

आबांनी स्क्रीनकडे बघितलं. त्यांना काय वाटलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नसे. मग ते काकांना म्हणाले, "शेठ, बंद कर दो." आणि मला, "जाय. तुले जे करनं ते कर."

मी आत गेले. या वेळी फाईल एका दाबात गेली.

दुसऱ्या दिवशी मामा आले. फाईल नाही म्हटल्यावर त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "असू दे. तू केलेला माझ्याकडे आहे." रविवारी टाइप झाल्या झाल्या त्यांनी तो आपल्या मोबाइलवर घेऊन ठेवला होता. तिथल्या तिथे त्यांनी तो समाजाच्या ग्रुपवर टाकला. आबांनी दुरुस्त केलेला मी पुसला होता. गोरी, नोकरी नसलेली, शिक्षण संपलेली मुलगी गावोगाव निघाली.

महिन्याभरात शिरपूरकडचं एक स्थळ बघायला आलं. मुलाची आई माझ्याकडे बघून मामांना म्हणाली, "तुम्ही तर गोरी लिहिलं होतं."

मामा काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "ते आम्हनं चुकनं. पोर सावळी शे. दुकानमा काम करस. परीक्षा बाकी शे. परीक्षा झाल्याबिगर लगीन नही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी मला आधी सांगितलं नव्हतं. आईने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. पाहुण्यांनी पोहे संपवले, चहा घेतला आणि ते उठले. मामा बरेच दिवस आमच्याकडे आले नाहीत.

मी परीक्षा दिली, पास झाले. पुढे लग्नही झालं, चलथाणच्या साखर कारखान्याच्या बाजूला दिलं मला. नवऱ्याने बायोडाटा बघितलाच नव्हता. त्याची बहीण परीक्षेला माझ्याबरोबर होती, तिच्याकडूनच ओळख निघाली.

त्या बायोडाट्यावर आबांचा नंबर आहे. ग्रुपवरून तो कुठे कुठे गेला देव जाणे, पण अजून फोन येतात. मागच्या दिवाळीत मी माहेरी होते तेव्हा आला. आबा झोपले होते म्हणून मी उचलला. पलीकडून एक बाई, मागे एस्टी स्टँडचा गोंगाट.

"मुलीचं जमलं का कुठे?" त्यांनी विचारलं.

"जमलं," मी म्हटलं. "दोन मुलं आहेत तिला."

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराला फोटो फार आवडला होता. धाकटी बहीण वगैरे आहे का?"

नाही म्हटलं. त्यांनी लगेच ठेवला नाही. पोरगा किती शिकलाय, शेती किती आहे, सगळं सांगत राहिल्या, आणि मी फोन कानाला धरून ऐकत उभी राहिले.