पाहून राह्यले

नाटक कंपनीत मी आयुष्यभर भीतीचा अभिनय केला. थरथरते हात, फाटलेला आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशी किंकाळी! टाळ्याही घेतल्या. पण खरी घाबरलेली दीपमाला पाहिली तेव्हा कळलं, यातलं काहीच नसतं. तिनं नुसती खिडकी लोटली आणि पंखा बंद केला. बाहेरचं ऐकू यावं म्हणून.

दारव्ह्यात माझ्या घराची पुढची खोली तिच्याकडे भाड्यानं आहे. मूळची ढाणकीची. इथल्या कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवते आणि पीएच.डी. करते. विषय, येणाऱ्या काळाचं भयंकर चित्र काढणाऱ्या कादंबऱ्या. भिंतींनाही डोळे असतात, अशी राज्यं.

"अशी भुतं कायले वाचतं, माय?" मी एकदा विचारलं.

"भुतं नाहीत, मावशी, पहारेकरी आहेत. तो जागा आहे की झोपला, कोणालेच माहीत नसते. पण तो पाहून राह्यला असं नुसतं वाटलं, की माणूस आपोआप सरळ चालते. माहा सगळा सिद्धांत इथंच आहे."

"हे तर आमचंच झालं! डोळ्यांवर दिवे आले की समोर माणसं बसली का रिकाम्या खुर्च्या, काही दिसत नाही. तरी आम्ही पोट आत घेऊनच उभ्या."

ती इतकी खूश झाली, की माझं वाक्य तिनं प्रबंधाच्या प्रकरणात घातलं. खाली माझं नाव! इतक्या वर्षांनी पुन्हा छापलेलं नाव. मी त्या दिवशी शिरा केला.

मग तो माणूस दिसू लागला. गळ्यात पांढरा दुपट्टा, समोरच्या चहाटपरीवर स्कूटर टेकवलेली. किराणावाल्याला त्यानं विचारलं, दीपमाला किती वाजता येते, कोणाशी बोलते. कॉलेजच्या फाटकापाशी त्यानं तिच्याकडे मोबाइल रोखला. दीपमालेनं मान खाली घातली ती घातलीच.

त्यात तिच्या आईचा, इंदूबाईचा, फोन आला. "बाई, तुले पाहून राह्यले. नीट राह्यजो." एवढंच तुटक ऐकू आलं, आणि नंतर फोन लागेचना.

"मावशी, ते ढाणकीले घरापर्यंत पोचले."

"ते म्हंजे कोण?"

"माहीत असतं तर एवढं भेव कायचं?"

सोमवारी अमरावतीला विद्यापीठात तिला तेच प्रकरण मांडायचं होतं. ती लाल पेन घेऊन बसली. कादंबरीतलं राज्य सोडून जिथं जिथं ती आपल्या गल्लीबद्दल, आपल्या चौकाबद्दल, तिथल्या नजरांबद्दल लिहून गेली होती, ते सगळं खोडत सुटली. माझं दिव्यांचं वाक्यही गेलं. मीसुद्धा दाराची कडी पुन्हापुन्हा पाहत होते.

रविवारी दुपारी कडी वाजली. दारात इंदूबाई, आणि तिच्यामागे तोच दुपट्टा!

"जयभीम, ताई. हे उकंडाभाऊ. पोराचे मामा."

"कोणत्या पोराचे?"

"अवो, फोनवर सांगतलं ना, पोराकडचे पाहून राह्यले म्हणून!"

मी हसले. अशी हसले, की ठसका लागला. स्थळ पाहणारा मामा, आणि आम्ही दोघी कड्या लावून! दीपमाला मात्र हसली नाही. तिनं चहाचा ट्रे आणून खाली ठेवला.

"पसंत आहे आमाले," उकंडाभाऊ म्हणाले. "मी सोता पाह्यलं. पोरगी मान खाली घालून जाते, मान खाली घालून येते. इकडं नाही, तिकडं नाही."

"भाऊ, ते तुमच्या भेवानं," दीपमाला म्हणाली. आवाज इतका बारीक, की पहिल्या रांगेलाही ऐकू गेला नसता. "कोण पाहून राह्यलं ते माहीत नव्हतं, म्हणून मान खाली होती."

"मंग बरंच झालं की! पोरीले थोडं भेव पाह्यजेच."

माझं हसू तिथंच वाळलं. हेच तर तिनं लिहिलं होतं, आणि हेच खोडलं होतं.

"माहे फोटो पुसा," ती म्हणाली.

"दीपे!" इंदूबाई दचकली.

"पुसा, भाऊ."

त्यांनी तोंड वाकडं करून मोबाइलवर बोट फिरवलं. "हे पुसले. पण पोराकडं, पाहुण्यायकडं गेले, ते कसे पुसतं?"

चहा तसाच टाकून ते निघून गेले. इंदूबाई भिंतीला टेकून बसली. "आता लोक काय म्हणतीन," एवढंच म्हणत राहिली. दीपमालेनं कागद पुढे ओढले.

"मावशी, ते दिव्याचं काय म्हणलं होतं? पुन्हा सांगा बरं."

मी सांगितलं. तिनं लिहिलं. मग एकेक करून तिनं गल्ली परत लिहिली, चौक परत लिहिला, आणि शेवटी एक नवा माणूस घातला, पांढऱ्या दुपट्ट्याचा.

सोमवारी मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले. टपरीवर कोणीच नव्हतं. तरी आम्ही दोघींनी तिकडं पाहिलं. दीपमाला मान वर करून चालत होती. माझा पदर मात्र तिनं मुठीत घट्ट धरला होता, आणि बस हलेपर्यंत सोडला नाही.