शेवंतीचा मंगळ आणि उत्तमची एक ओळ

उत्तम माझ्या भावाचा, गोमाजीचा, मुलगा. आमचं घर कोलशेतला, खाडीच्या अंगाला. लहानपणी तो आईबरोबर नौपाड्यात मासळी विकायला बसायचा, आणि तिथंच त्याची खोड दिसली. गिऱ्हाईक बोंबील चाचपत उभं, शांतावयनी म्हणते, "आत्ताचे आहेत बाय, ताजे," आणि हा मागून म्हणतो, "आई, हे कालचे ना?" वयनीनं त्याला कितीदा चिमटा काढला असेल. शेवटी तिनं त्याला बाजारात न्यायचंच बंद केलं.

बारावी झाली तेव्हा खाडीत मासळी उरली नव्हती, म्हणून होडीवर जायचा प्रश्नच नव्हता. नौपाड्यातच त्यानं कॉम्प्युटरचा क्लास केला आणि दाजींच्या वधूवर मंडळात लागला. दाजी म्हणजे मंडळाचे मालक, सगळा नौपाडा त्यांना दाजीच म्हणायचा. आधी त्यांच्याकडे फोटो चिकटवलेल्या फायली होत्या. शहाण्णव साली त्यांनी कॉम्प्युटर आणला, आणि त्यातला सगळा प्रोग्राम आमच्या उत्तमनं लिहिला.

मी एकदा बघायला गेलेले. दारात चपला काढायच्या, आत गार हवेचं मशीन, आणि कॉम्प्युटरवर कापडाचं झाकण. देवळात घंटा तरी असते, इथं तीही नाही. वर्षाची वर्गणी भरली की साधा सभासद, त्याला फक्त नाव, उंची, शिक्षण, नोकरी दिसायची. जास्तीची भरली की विशेष सभासद. त्याला खुर्चीवर बसवून पडद्यावर एक वेगळी पाटी दाखवायचे, 'सखोल पत्रिका जुळणी'. दोघांच्या जन्माची माहिती घातली की गुण, नाडी, मंगळ, सगळं रंगीत अक्षरांत.

"आणि जन्माची वेळ ठाऊक नसेल तर?" मी विचारलं. आमच्यात कुणाला ठाऊक असते?

उत्तमचं तोंड उतरलं. म्हणाला, "आत्ये, मी आधी तसंच केलेलं. वेळ रिकामी असेल तर पडदा सांगायचा, जन्मवेळ माहीत नाही, पत्रिका मांडता येत नाही. दाजींनी ती ओळ काढायला लावली."

दाजी पलीकडेच चहा पीत होते. म्हणाले, "अगं बाई, माणूस जास्तीची वर्गणी भरून आत येतो, आणि हा त्याला 'माहीत नाही' दाखवणार! 'माहीत नाही' ऐकायला तो घरी बायकोसमोर नाही का बसणार? अर्ध्या लोकांना वेळ ठाऊक नसते. अर्ध्या लोकांना माझी विशेष सोय बंद?"

"मग आता काय होतं?" मी उत्तमला विचारलं.

"रिकामं म्हणजे शून्य. आणि शून्य म्हणजे मशीनला रात्रीचे बारा. त्यावर पत्रिका काढून देतं."

"आणि सांगत नाही?"

"नाही सांगत."

मी म्हटलं, मासळीचा कल्ला उघडून लाल आहे की काळा ते तरी दाखवता येतं, तुझ्या या पेटीला कल्ला कुठं रे? दाजी हसले. उत्तम हसला नाही.

त्याच वर्षी शेवंतीचं, उत्तमच्या धाकट्या बहिणीचं, ठरत आलं. मुलगा महिपत, आपल्यातलाच, पण घर वर्तकनगरला बिल्डिंगमध्ये. मुलगी बघून गेले, मुलाला आवडली. शेवंतीलाही तो आवडलेला. विचारलं तर म्हणाली, "ठीक आहे," पण त्या दिवशी भाकऱ्या सगळ्या करपवल्या, त्यावरून आम्ही समजलो. मुलाच्या आईला साखरपुड्याची मानाची साडीसुद्धा पोचवून झाली.

आमच्यात पूर्वी पत्रिका कोण बघत होतं? आई कशी, घरात होड्या किती, मुलीचा हात कामाला कसा, एवढंच. पण महिपतची आई मीराबाई बिल्डिंगमध्ये राहायला गेल्यापासून तिला सगळं बिल्डिंगसारखं हवं. ती दाजींकडे विशेष सभासद होती. वर्गणी भरलीच आहे तर बघू या, म्हणून ती एके दिवशी जाऊन बसली. उत्तम नेमका कल्याणला कुणाचा तरी प्रिंटर दुरुस्त करायला गेलेला. दाजींनीच बटणं दाबली. शेवंतीची तारीख शाळेच्या दाखल्यावरची, एक जून. वेळ रिकामी.

लाल अक्षरं आली. मुलीला मंगळ, जुळत नाही. कर्र कर्र करत कागद निघाला तो घेऊन मीराबाई घरी गेली, आणि आमच्याकडे निरोप आला, मुलीला मंगळ आहे.

आता हसावं की रडावं? शेवंती जन्मली तेव्हा मी तिथं होते. श्रावण होता, नारळी पुनव जवळ आलेली, होड्या रंगवायला काढलेल्या. एक जून ही मास्तरांची तारीख. शाळेत घालताना विचारतात कधीची, आपण म्हणतो होड्या रंगवायच्या वेळची, मास्तर लिहितात एक जून. आमच्या आळीत सगळी पोरं एक जूनची. त्या एक जूनच्या रात्री बारा वाजता शेवंतीच्या नावानं कोण जन्मलं देव जाणे, पण मंगळ त्याला होता.

उत्तमनं ऐकलं आणि तो तसाच ऑफिसात गेला. दाजींना न विचारता त्यानं ती ओळ परत घातली, शेवंतीची माहिती घातली, आणि नवा कागद काढला. 'जन्मवेळ माहीत नाही, पत्रिका मांडता येत नाही.' तो कागद आणि मला घेऊन वर्तकनगरला गेला.

मीराबाईंनी पाणी दिलं, चहा दिला. कागद वाचून बाजूला ठेवला.

"उत्तम, तू भाऊ आहेस. तू असंच आणणार."

"काकी, पहिला कागद चुकीचा होता."

"म्हणजे तुमचं मशीन खोटं बोलतं?"

"खोटं नाही... त्याला माहीत नव्हतं, आणि ते त्यानं सांगितलं नाही."

"मग आज कसं सांगायला लागलं? बहिणीचं आलं तेव्हाच?"

उत्तमनं कागद परत तिच्यापुढं सरकवला. मी म्हटलं, "मीराबाई, एक जून ही मास्तरांची तारीख हो." ती म्हणाली, "दाखल्यावर सरकारी शिक्का आहे, मावशी." दारात महिपत उभा होता. आईकडे बघत होता, आमच्याकडे नाही.

उत्तमनं दाजींना फोन करायला विनवलं. दाजी म्हणाले, "पोरा, माझा जीव तुटतो. पण मी सभासदाला सांगू की माझी विशेष सोय चुकते? उद्या बाकीचे सगळे कागद घेऊन दारात येतील." वाईट माणूस नव्हता हो. शेवंतीच्या नावानं त्यानं देवळात नारळही फोडला.

राहिला एक रस्ता. मी उत्तमला म्हटलं, "तू वेळ घाल ना कुठली तरी. पहाट घाल. मी सांगते, मी तिथं होते." शेवंतीला घेऊन आम्ही ऑफिसात गेलो. त्यानं श्रावणातली तारीख घातली, पहाटेची वेळ घातली. पडदा हिरवा झाला, मंगळ गेला, गुण भरपूर. मग त्यानं दुपार घातली, मंगळ परत आला. संध्याकाळ घातली, गेला.

शेवंती म्हणाली, "दादा, छाप ना तो हिरवा."

त्याचा हात बटणापाशी होता. तो तिथंच राहिला. बाजारातलं ते पोरगं आठवलं मला, कालचे ना म्हणणारं. चिमटा काढावासा वाटला, पण चिमटे काढणारी वयनी तर केव्हाच गेलेली. आणि काढून काय होणार होतं?

"तुला खरी वेळ ठाऊक आहे का, आत्ये?" त्यानं विचारलं.

"नाही रे. आभाळ भरलेलं, घरात घड्याळ नव्हतं."

त्यानं कॉम्प्युटर बंद करून झाकण घातलं. शेवंती चपला घालून खाली उतरून गेली, आमच्यासाठी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी वर्तकनगरहून साडी परत आली. उत्तम शहाणा की मूर्ख, मला अजून ठरवता येत नाही. शेवंतीनं बरेच दिवस त्याला जेवायला वाढलं, पण त्याच्याशी बोलली नाही.

ती ओळ दाजींनी काढली नाही, फक्त खाली, बारीक अक्षरांत न्यायला सांगितली. एक बाई आलेली, उत्तमनं तिला बोट ठेवून ती ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, "बरं बरं, मग तुम्हाला बरी वाटेल ती वेळ घाला."

शेवंतीकडे पुढंही स्थळं आली, पण मंगळाची गोष्ट त्यांच्याआधी पोचलेली असायची. पाहुणे पोहे खाऊन विचारायचे, "जन्मवेळ?" शेवंती ताटल्या उचलत सांगायची, "होड्या रंगवायला काढल्या होत्या तेव्हाची." आणि आत निघून जायची.