सरकीच्या पोत्यांचं वळण

त्या काळात मी अचलपूर–अमरावती मार्गावर बसमध्ये कंडक्टर होते. एका दुपारच्या फेरीला अचलपुरात पन्नाशीच्या एक बाई चढल्या. डोक्यावर पांढरी ओढणी, नाकावर जाड भिंगांचा चष्मा आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं एक लांबट खोकं. ते खोकं त्यांनी शेजारच्या सीटवर मांडलं आणि त्यावर हात ठेवून बसल्या. गाडी भरत होती. मी म्हटलं, "बाई, खोकं खाली ठेवा. लोकांले बसू द्या."

"खाली धक्के बसतात. त्याचंही तिकीट फाडा, पण तिथंच राहू द्या."

"असं काय हाय त्यात?"

"कार आहे."

मला वाटलं, चेष्टा करून राहिल्या. पण त्यांनी गंभीरपणे झाकण उघडलं. आत पिवळ्या रंगाची, काळ्या पट्ट्याची, हातभर लांबीची गाडी होती. जाड खाचांचे टायर, प्रत्येक चाकाला स्प्रिंग, आणि मागून वर आलेली पातळशी अँटेना. मागच्या सीटवरची माणसं वाकून पाहायला लागली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "चालते का?" बाई म्हणाल्या, "तुमच्या बसच्या पुढं जाते." सगळे हसले.

हे हसणं माझ्या चांगलं लक्षात आहे, कारण त्या वर्षांत आमच्या गाडीत कोणी मोठ्याने हसलं तर बाकीचे मान वळवून पाहत. कापूस एका साली पावसाविना जळायचा, दुसऱ्या साली अळी खायची. खांद्याला कॅमेरे अडकवलेले बाहेरगावचे लोक गाडीत चढायचे आणि मला गावांची नावं विचारायचे. कोणत्या गावाबद्दल विचारतात त्यावरून तिथे कोणा शेतकऱ्याच्या घरी काय झालं असेल ते मला कळायचं. मी फाटा दाखवायचे, घंटी मारायचे, ते उतरून जायचे. दिवसभरात अशा दोन-तीन घंट्या मारल्या की घरी जेवण जात नसे.

बाई अचलपूरच्या उर्दू शाळेत गणित शिकवत. सगळे त्यांना आपा म्हणत. भाऊ आखातात नोकरीला होता, त्याने स्वतःसाठी घेतलेली ही गाडी सुटीत आणून इथेच सोडली होती. आपांनी आधी ती पुसून कपाटात ठेवली. मग एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मैदानात नेली, आणि त्यानंतर ती कपाटात गेलीच नाही.

उतरताना त्या म्हणाल्या, "परवा रविवारी अमरावतीत शर्यत आहे. सुटी असली तर ये."

सुटी होती. गावाबाहेर एका लेआउटमध्ये, जिथे प्लॉट पाडले होते पण घर एकही उठलं नव्हतं, तिथे ट्रॅक आखला होता. ठिबकच्या जुन्या नळ्या जमिनीवर अंथरून वळणं केली होती. मधे मुरमाचे दोन उंचवटे. एका बाजूला ट्रॅक्टरची ट्रॉली उभी, आणि ट्रॉलीवर ओळीने सात-आठ माणसं हातात रिमोट घेऊन. त्यांत एक डॉक्टर होता, एक फोटोग्राफर, एक मोटार रिवाइंडिंगवाला, आणि मधोमध ओढणी कमरेला खोचलेल्या आपा.

दोरी ओढून इंजिनं सुरू झाली तसा शेतातल्या पॉवर स्प्रेसारखा आवाज उठला, पण एकाच वेळी आठ पंपांचा. जळक्या तेलाचा वास आला. शिट्टी वाजली आणि त्या गाड्या अशा सुटल्या की मी दोन पावलं मागे सरले. एवढंसं वाहन एवढ्या वेगाने जाऊ शकतं हे डोळ्यांना पटतच नव्हतं. उंचवट्यावरून त्या हवेत उडायच्या, एक क्षण तरंगायच्या आणि खाली पडून पुन्हा पळायच्या. मी कधी हात तोंडावर नेला मला कळलं नाही.

पहिली फेरी संपली तेव्हा आपा ट्रॉलीवरून उतरून सरळ माझ्याकडे आल्या. "एक मार्शल आला नाही. उभी राहशील?"

"म्हणजे काय करू?"

"गाडी उलटली की सरळ करायची. आम्हाला वरून हात पोचत नाही ना."

त्यांनी मला भगवं जाकीट घातलं, हातात जाडे मोजे दिले आणि चालता चालता नियम सांगितले. येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करायची नाही. धावती गाडी जाऊ द्यायची, मगच ट्रॅकवर पाय टाकायचा. जिथे उलटली तिथेच ठेवायची, एक बोटही पुढे नाही. दोन उलटल्या तर जवळची आधी, मग ती कोणाचीही असो. आणि मार्शलने कोणाच्या नावाने ओरडायचं नाही.

शेवटचा नियम मला सगळ्यांत जड गेला. बसमध्ये मी दिवसभर ओरडूनच पोट भरत होते.

पहिली गाडी उलटली ती माझ्यापासून चार हातांवर. मी धावले, घाईत मोजा नीट चढवला नव्हता, आणि उचलताना अंगठा धुराच्या नळीला टेकला. चर्र झालं. पण गाडी मी सोडली नाही. चाकांवर ठेवली, तोंड बरोबर दिशेला केलं, आणि ती माझ्या हातातून अशी निसटून गेली जशी गोठ्यातून सुटलेली कालवड. ट्रॉलीवरून फोटोग्राफर ओरडला, "शाबास ताई." अंगठा तोंडात धरून मी पुढच्या गाडीची वाट पाहायला लागले. फुगा येतोय हे संध्याकाळी लक्षात आलं.

घरी नवऱ्याने विचारलं, "पैसे देतात का त्याचे?"

"नाई."

"मंग?"

"पोहे देतात."

त्याने माझा अंगठा उजेडात धरून पाहिला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी मले पण ने. पाह्यतो तरी काय असते ते."

असं करता करता मी त्या मंडळींतली झाले. महिन्यातून एखादा रविवार जमायचा. ड्यूटी असली तर मी कोणाशी तरी बदलून घ्यायचे. वळण कसं वाचायचं ते मला हळूहळू कळायला लागलं. गाडी वळणात शिरते तेव्हाच तिचं आतलं चाक उचलतं का पाहायचं, म्हणजे उलटायच्या आधी आपला पाय निघालेला असतो. बसमध्ये उभ्याने तिकिटं फाडून माझे पाय तयार होते. ड्रायव्हर ब्रेक कधी मारणार हे कंडक्टरच्या तळपायाला आधी कळतं, तसंच काहीसं.

मग अकोल्याची शर्यत ठरली. गावाबाहेरच्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात. त्या साली कापूस इतका कमी आला होता की हंगाम सरायच्या आधीच मशिनी थंड पडल्या होत्या. मालक हौशी माणूस. तो म्हणाला, आवार रिकामंच पडलं आहे, वापरा. आम्ही पोचलो तर आपांनी आधी चालत ट्रॅकला एक चक्कर मारली. इतका मोठा ट्रॅक आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. जमीन कापसाच्या गाड्यांच्या येण्या-जाण्याने दगडासारखी दबलेली. कोपऱ्यांवर नळ्यांऐवजी सरकी भरलेली पोती रचलेली. सरळ पट्टा इतका लांब की त्याच्या शेवटी गाड्या किती वेगात असतील याचा मला अंदाज येईना. आणि त्या पट्ट्याच्या शेवटीच पोत्यांचं सगळ्यांत तीव्र वळण होतं. ते मला मिळालं.

नवरा दोरीपलीकडे बसला होता. त्याच्या शेजारी उरलासुरला कापूस घेऊन आलेला एक शेतकरी होता. वजनकाटा बंद असल्याचं त्याला इथे येऊनच कळलं होतं. बैलबंडी सावलीत सोडून तो शर्यत पाहत थांबला होता. सकाळच्या फेऱ्यांत माझ्या वळणावर गाड्या धडाधड उलटायला लागल्या तेव्हा त्याने मला विचारलं, "बाई, काहून उलटून राहिल्या ह्या?"

"वेग जास्त होते इथं, काका."

"मंग हळू घ्या म्हना न् त्यायले."

"हळू घेतलं तर हारतात."

यावर तो आणि माझा नवरा दोघेही इतके हसले की मला तिकडे पाठ करावी लागली. दुपारपर्यंत त्या दोघांनी आपापल्या गाड्या निवडल्या होत्या. नवरा आपांच्या पिवळ्या गाडीचा, आणि काका अकोल्याच्या एका कृषी केंद्रवाल्याच्या लाल गाडीचा.

अंतिम शर्यतीत त्याच दोन गाड्या पुढे होत्या. सुरुवातीपासून एकमेकींना चिकटून. लाल गाडी सरळ पट्ट्यावर पुढे जायची, पिवळी माझ्या वळणात आतून शिरून पुन्हा गाठायची. आपांची ती युक्तीच होती. वळणाआधी थोडी ढील द्यायची आणि बाहेर पडताना सगळा जोर लावायचा. प्रत्येक वेळी दोन्ही गाड्या माझ्या पायांपुढून सणसणत गेल्या की माझ्या तोंडात "चला आपा" यायचं आणि मी ते गिळायचे. फेऱ्या मोजणारे भोंग्यावरून सांगत होते, थोड्याच फेऱ्या उरल्या. दोरीपलीकडची सगळी माणसं उभी राहिली होती.

शेवटून दुसऱ्या फेरीत लाल गाडी वळणात उशिरा वळली. तिचं आतलं चाक उचललेलं मी पाहिलं, आणि पाय काढला. ती पोत्याला आदळली, उडाली, आणि तिच्या मागोमाग आतून शिरलेल्या पिवळ्या गाडीवर पडली. दोन्ही उलट्या. लाल माझ्या बाजूला, पिवळी तिच्या पलीकडे. दोन्हींची चाकं हवेत भिरभिरत होती, इंजिनं किंचाळत होती.

मागून येणारी एक गाडी मी जाऊ दिली. मग धावले. माझ्या डोळ्यांना फक्त पिवळा रंग दिसत होता. नवऱ्याचा आवाज ऐकू आला, "अगं आपाची, आपाची उचल." माझे हात लाल गाडीवर पडले. मी ती सरळ केली आणि सोडली. मग पिवळी. दोन्हींच्या मधे एक श्वास गेला असेल, जास्त नाही. पण तेवढा पुरला. आपांनी उरलेल्या अंतरात गाडी अशी चालवली की मी तसं पुन्हा कधी पाहिलं नाही, आणि तरी लाल गाडी हातभर पुढे राहून जिंकली.

काका उड्या मारत होते. माझा नवरा खाली बसला होता.

आपा चालवणाऱ्यांच्या ट्रॉलीवरून उतरल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. चष्म्याला धूळ लागली होती, ती त्यांनी पुसली नव्हती.

"माझी गाडी दिसली होती तुला?"

"दिसली होती."

"मग?"

"त्याची जवळ होती, आपा."

त्या वळणाकडे गेल्या. मीही मागोमाग गेले. जमिनीवर दोन्ही गाड्या घासल्याच्या खुणा होत्या. माझे पाय जिथे होते तिथे त्या उभ्या राहिल्या आणि हळूहळू एका खुणेपर्यंत चालल्या, परत आल्या, मग दुसऱ्या खुणेपर्यंत चालल्या. शाळेत एखाद्या पोराचं उत्तर तपासावं तसं त्यांचं तोंड झालं होतं.

"बरोबर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "लालच जवळ होती." आणि चष्मा पुसत, "पण मला राग आलाय. तो थोडा वेळ राहील. तू मनावर नको घेऊ."

"नाई घेत."

"आणि माझी गाडी ठेवताना एका हाताने ठेवलीस. पुढचं चाक तिरपं पडलं. दोन्ही हातांनी ठेवत जा, बेटा."

ते खरं होतं. मी मान हलवली.

त्यानंतर बॅटरीच्या छोट्या गाड्यांची फेरी होती. ज्यांची शर्यत संपली त्यांनी पुढच्या फेरीला मार्शल व्हायचं असा रिवाज होता, आणि आपा तो नेहमी गुडघ्यांचं कारण सांगून टाळत. त्या दिवशी त्यांनी आपणहून जाकीट मागितलं आणि माझ्या शेजारच्या वळणावर येऊन उभ्या राहिल्या. मार्शल म्हणून त्या अगदी कच्च्या निघाल्या. गाडी उलटली की आधी ती का उलटली याचा विचार करायच्या, मग धावायच्या. एकदा तर गाडी उलट्या दिशेला ठेवली आणि ती समोरच्या गाड्यांत घुसली. ट्रॉलीवर एकच कल्ला झाला. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या पोत्याला टेकून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मलाही राहवलं नाही.

ऊन उतरल्यावर मालकाने सगळ्यांना आलूबोंडे दिले. काकांनी दोन खाल्ले, दोन फडक्यात बांधले, आणि माझ्या नवऱ्याला गावचा पत्ता सांगून बंडी जुंपली. कृषी केंद्रवाला हातात लाल गाडी घेऊन आमच्याकडे आला. जिंकल्याच्या आनंदात त्याला नीट बोलता येत नव्हतं. आपांना म्हणाला, "शेवटच्या फेरीत मी घाबरलो होतो, खरं सांगतो." मग आमच्या दोघींकडे पाहून म्हणाला, "पुढच्या महिन्यात दर्यापुरात ट्रॅक टाकून राहिलो. याच्याहून मोठा. तुमी दोघी येसान का?"

मी ड्यूटी कशी बदलायची याचा हिशेब मनात सुरू केला होता. तेवढ्यात आपा म्हणाल्या, "येतो. पण हिचं वळण ही निवडेल."

"कोनतं पाह्यजे, ताई?" त्याने विचारलं.

"लांब पट्ट्याच्या शेवटचं," मी म्हटलं.